काळं रीळ, निळं रीळ

लोकांच्या कपड्यांना पडलेली भोकं बुजवून पोट भरणाऱ्या माणसाला इतका तोरा असावा, हे मला पहिल्यापासून खटकायचं. तोंडावर मी त्याला काका म्हणायचो, मागे सगळी गल्ली म्हणायची तेच म्हणायचो: दुर्बीण. नाव त्यानेच कमावलेलं. लॉन्ड्रीच्या काचेमागे स्टुलावर बसून, पलीकडच्या फुटपाथवरून जाणाऱ्याचा कोपर विरलाय की कॉलर, हे तो सांगायचा. आणि सांगायचा ते त्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. शाळामास्तर असो की फौजदार, "अहो, मागून शिवण हसतेय," म्हणायला त्याला काही वाटायचं नाही. माणूस शरमून दुकानात शिरायचा. दुर्बीण याला धंद्याची अक्कल म्हणायचा. मी उद्धटपणा म्हणतो.

पण हातात कसब होतं. हे कबूल करताना मला आजही दातओठ खावे लागतात. रफू म्हणजे ठिगळ नव्हे. कपड्याच्या आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे उपसायचे, भोकावर आधी उभे ताणायचे, मग त्यांच्यातून एक वर, एक खाली असे आडवे घालायचे. म्हणजे कापड जागच्या जागी पुन्हा विणायचं. झालं की कोट गिऱ्हाइकाच्या हातात देऊन म्हणायचा, शोधा. गिऱ्हाईक शोधायचं, सापडायचं नाही, आणि हा नाकाने कांदे सोलत बसायचा. तीस वर्षं त्या एका खिडकीत, समोरून ऊन, ओठात सिगारेट. लॉन्ड्रीचा मालक बदलला, पाटी बदलली, स्टूल तेच राहिलं.

साठी उलटल्यावर नाकावर चष्मा आला. तो त्याला फार झोंबला. चष्मेवाल्याकडून परत येताना गल्लीतल्या कोणाकडे बघितलं नाही त्याने. दोन-तीन वर्षं कसाबसा वापरला, आणि मग एके दिवशी चमत्कार झाला. चष्मा न लावता त्याला सुईचं भोक दिसायला लागलं. पेपरातली बारीक अक्षरंही वाचता यायला लागली. गडी हवेत गेला. चष्मा काढून मालकाच्या टेबलावर आपटला आणि म्हणाला, भंगारात घाल. पुढचे सहा महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवायचा. म्हणायचा, तुम्ही चाळिशीतच म्हातारे झालात, माझे डोळे उलटे तरुण होतायत.

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. शाळा मी सातवीत सोडली. डोळ्यांबद्दल मला जे कळतं ते पुढच्या वर्षभरात सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरचे तक्ते वाचून आणि तिथल्या डॉक्टरांशी भांडून कळलेलं. भांडल्याशिवाय कोणी नीट सांगत नाही, हा माझा अनुभव. तर गोष्ट अशी असते. डोळ्याच्या बाहुलीमागे एक भिंग असतं, तरुणपणी पाण्यासारखं नितळ. वय वाढतं तसं ते घट्ट होत जातं, पिवळं पडतं, मग तपकिरी. दुखत नाही, खुपत नाही, वर्षानुवर्षं गुपचूप चालतं. उन्हाने आणि सिगारेटने आणखी जोर धरतं म्हणतात. आणि घट्ट होताना काही जणांच्या बाबतीत भिंगाची ताकद अशी बदलते, की लांबचं धूसर होतं पण जवळचं काही काळ चष्म्याशिवाय दिसायला लागतं. विझण्याआधी दिवा मोठा होतो, त्यातला प्रकार. दुर्बीण ज्याला तारुण्य म्हणून मिरवत होता तो मोतीबिंदू होता.

हे त्याला कोण सांगणार? चष्मेवाल्याने सांगायला हवं होतं. पुढच्या दोन वर्षांत दुर्बीण त्याच्याकडे तीनदा गेला, कारण लांबचं दिसेना. रस्त्यापलीकडचे कोपर दिसेनात, म्हणजे नावच धोक्यात. तीनदा चष्मेवाल्याने नंबर बदलून नवी काच बसवून दिली. इतक्या भराभर नंबर का बदलतोय, हे विचारायची अक्कल त्याला नसेल असं मी मानत नाही. अक्कल होती. आंधळं दळतंय तर कुत्र्याने पीठ का खाऊ नये?

दुसरा शहाणा म्हणजे दुर्बिणीचा मेहुणा, काकूंचा भाऊ. आयुष्यभर गोदामात पोती मोजली, निवृत्त झाल्यापासून सगळ्या जगाचा वैद्य. एका संध्याकाळी दिव्याखाली त्याने दुर्बिणीच्या डाव्या डोळ्यात बघितलं आणि बाहुलीत पांढरी झाक दिसल्यावर निकाल दिला की हा मोतीबिंदू आहे, पण कच्चा आहे, पिकू द्या, पिकल्याशिवाय हात लावायचा नसतो. डोळा म्हणजे काय आढीत घातलेलं फळ आहे, दाबून बघायला? ही पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा भिंग कडक झाल्याशिवाय धडपणे काढता येत नसे. आता कामात अडचण यायला लागली की काढतात, आणि पिकवत बसलं तर उलट अवघड होतं. पण दुर्बिणीला मेहुण्याचं म्हणणं सोयीचं होतं. थांबायला सांगणारा वैद्य सगळ्यांनाच आवडतो.

मी दोनदा सांगून बघितलं. समोरून गाडी आली की तो दिव्याच्या झगमगाटाने डोळे मिटून भिंतीला टेकायचा, हे मी बघितलं होतं. एका बल्बचे त्याला तीन दिसायचे, तो म्हणायचा बल्ब खराब आहे. पायरी चुकायची, तो म्हणायचा पायरी कोणी बांधली. मी म्हटलं, काका, दवाखान्यात चला, मी घेऊन जातो. तर म्हणाला, "पुढारी, तुझा मोर्चा दुसऱ्या कोणाच्या दारात ने." सगळ्या दुकानासमोर. मी परत बोललो नाही. म्हटलं, मर.

मग त्या वकिलाच्या काळ्या कोटाचं झालं.

वकीलही साधासुधा, एका कोटावर वीस वर्षं काढलेला. खांद्याजवळ कसरीने खाल्लं होतं. कोट आधीच दोनदा उसवून सैल केलेला, त्यामुळे आतल्या दुमडीत उपसायला धागा शिल्लक नव्हता. अशा वेळी दुर्बीण आपल्या पेटीतली रिळं वापरायचा. त्याने रफू केलं, वीण त्याच्या मते झकास जमली. वकील कोट घालून गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. कोट टेबलावर पसरून म्हणाला, की मी उन्हात उभा राहिलो आणि माझाच अशील मला म्हणाला, साहेब, खांद्यावर शाई सांडलीय. काळ्या कोटावर निळा गोल. गडद निळा, पण निळाच.

दुर्बीण म्हणाला, काळाच आहे, वकीलसाहेब, तुमचे डोळे तपासून घ्या.

वकील गेल्यावर मालकाने दुर्बिणीला आत बोलावलं आणि सांगितलं, की खिडकीपाशी मी वाफेची इस्त्री लावणार आहे, महिनाअखेरीला पेटी घरी न्या. हा मालक म्हणजे पहिल्या मालकाचा जावई. त्याला रफू आणि ठिगळ यांतला फरक कळत नाही. त्याच्या दुकानाला तीस वर्षं ज्याच्यामुळे नाव मिळालं त्याला काढताना त्याने चहासुद्धा विचारला नाही. आणि याने काय करावं? भांडावं, डोळे दाखवावेत, निदान शिव्या तरी द्याव्यात? हा पुन्हा स्टुलावर जाऊन बसला आणि सुईत दोरा घालायला लागला. दोरा जाईना.

हे सगळं मला काकूंनी सांगितलं. आठ दिवस बहिणीकडे गेल्या होत्या. बहीण पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं. परत आल्या तर हे वाढून ठेवलेलं. माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, त्यांचं स्टूल गेलं तर ते घरात बसून माझे कप मोजतील, महिन्याभरात मरतील, काहीतरी कर. मी म्हटलं, मी दोनदा केलं. तर म्हणाल्या, तिसऱ्यांदा कर. मग खाली बघून म्हणाल्या, की यात माझीही चूक आहे. काय चूक ते मात्र सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, काकू डबा घेऊन दुकानात आल्या तेव्हा मी आधीच जाऊन उभा होतो. दुर्बीण मागच्या नळावर हात धुवायला गेला. तेवढ्यात काकूंनी काय केलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. शेजारी घडी करून ठेवलेले कामाचे कपडे त्यांनी एकेक उलगडून बघितले, पेटीतून चार रिळं निवडली आणि ती पेटीच्या वरच्या कप्प्यात, कपडे ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने ठेवली. पेटीतल्या सुयांच्या छोट्या गादीत टोचलेल्या सहा सुयांत दोरे ओवले. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. किती सराव लागला असेल त्याला. मग पदराला हात पुसून डबा उघडला.

मला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा डोकं फिरलं. माया म्हणतात याला लोक. मी म्हणतो, जखमेवर रेशमी कापड टाकून तिला सडवायची ही पद्धत आहे. घराघरांत हेच चालतं. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, सगळे मोठ्याने बोलतात. म्हाताऱ्याला दिसत नाही, सगळे वाटेतल्या खुर्च्या हलवतात. आणि म्हातारा मिशीला पीळ देत म्हणतो, मला काय धाड भरलीय.

दुर्बीण परत आला. मी पेटीतलं एक काळं आणि एक गडद निळं रीळ उचललं, त्याला दंडाला धरून दुकानाच्या दारात, उन्हात नेलं. तो हात झटकत होता. मी सोडला नाही. दोन्ही रिळं त्याच्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, यातलं काळं कुठलं?

त्याने उजव्या डोळ्याजवळ नेलं एक, मग दुसरं. उन्हाकडे वळवून बघितलं. पिवळ्या काचेतून बघणाऱ्याला निळा रंग आधी परका होतो, हे मला तेव्हा ठाऊक होतं, त्याला नव्हतं. मला वाटलं होतं हे बघताना गंमत वाटेल. वाटली नाही.

"दोन्ही काळी," तो म्हणाला. "पुढारी, ही काय थट्टा लावलीस?"

मी काकूंकडे बघितलं. त्या डब्याचं झाकण हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं.

"एक निळं आहे, अहो."

त्याने तिच्याकडे बघितलं, म्हणजे तिचा आवाज आला तिकडे. माझ्यावर ओरडला असता, मालकावर ओरडला असता, बायकोवर त्याला ओरडता येईना, कारण ती खोटं बोलत नाही हे त्याला चाळीस वर्षांपासून ठाऊक. म्हणाला, मग इतके दिवस मी कसं करत होतो? आणि विचारता विचारताच त्याला ते उमगत गेलं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. पेटीचा वरचा कप्पा. ओवलेल्या सुया.

"कधीपासून?"

"रिळं, तुम्ही चष्मा फेकलात त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून. सुया नंतर, तुमचा दोरा चुकायला लागल्यावर."

दुर्बीण रिळं हातात घेऊन दाराच्या पायरीवर बसला. जेवला नाही. मालक आतून ओरडला, दार अडवू नका.

सरकारी डोळ्यांच्या दवाखान्यात मी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी नेलं. तिथे खिडकीवरचा कारकून म्हणजे देवाने माझ्या रागासाठी खास घडवलेला माणूस. त्याच्याशी माझं काय झालं ते इथे लिहीत नाही, फक्त अकराच्या आत आमचा नंबर लागला. डॉक्टर तरुण बाई होत्या, झोप न झालेल्या. डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी केली, यंत्रावर हनुवटी टेकवून बराच वेळ बघितलं. मग विचारलं, गेल्या वर्षी-दीड वर्षात कधी डावा डोळा लाल होऊन दुखला होता का, डोकं फुटेल असं दुखून उलट्या?

काकू म्हणाल्या, झालं होतं की, आठ दिवस, पित्त होतं. सोडा पिऊन पडून राहिले होते, भाऊ म्हणाला होता पित्तच आहे.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. शांतपणे सांगितलं, की ते पित्त नव्हतं. डाव्या डोळ्यातलं भिंग जास्त पिकून फुगलं, त्याने डोळ्यातलं पाणी वाहून जायची वाट अडली, दाब चढला आणि मागची नस मेली. भिंग काढता येईल, नस परत येणार नाही. त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळेल. उजवा तपकिरी झालाय, पण मागचा पडदा आणि नस चांगली दिसतायत. तो या आठवड्यात काढू.

दुर्बिणीने विचारलं, थेंबांनी नाही जमणार? बाई म्हणाल्या, मोतीबिंदू विरघळवणारा थेंब जगात नाही, कोणी विकत असेल तर तो चोर आहे. बाई मला आवडल्या. मेहुणा त्या दिवशी आला नव्हता. त्याच्या नशिबाने.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. डोळा बधिर करून बारीकशी चीर, खराब झालेलं भिंग आतल्या आत फोडून ओढून घेतलं, त्या जागी कृत्रिम भिंग. दुर्बीण म्हणतो, मला टाका किती मिलिमीटरचा ते विचारायचं होतं. बाई म्हणाल्या, टाकाच नाही. यावर तो अर्धा दिवस नाराज होता. बिनटाक्याचं काम त्याला अर्धवट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. लोकांना वाटतं, पट्टी निघाली की माणूस बायकोचं तोंड बघून रडतो. हा म्हणाला, ही चादर निळी कधी केली? चादर पांढरीच होती. इतकी वर्षं पिवळ्यातून बघितल्यावर पांढरं तसं दिसतं काही दिवस. मग घरी गेल्यावर भिंतीवरचे तेलकट डाग बघून काकूंना म्हणाला, एवढ्या घाणीत मला ठेवलंस? काकू म्हणाल्या, तुम्हीच विड्या-सिगारेटी ओढून केलंय ते. दोन दिवस घरात हेच चालू.

चौथ्या दिवशी लांबच्यासाठी एकही चष्मा न लावता तो खिडकीत येऊन बसला. जवळच्या कामाला मात्र आता चष्मा लागतोच, नवं भिंग जवळचं धरत नाही. तो त्याने मुकाट्याने लावला. आणि मान वर केली की खिडकीच्या काचेतून त्याला पलीकडच्या फुटपाथवरून जाणारे कोपर पुन्हा दिसायला लागले. त्यांतले बरेच त्यानेच रफू केलेले होते.

रंग काकूंनी सांभाळले होते. वीण त्या कुठून सांभाळणार? दोन वर्षांत केलेलं रफू उन्हात उघडं पडलं होतं. आडवे धागे कुठे दोन-दोन उड्या मारलेले, कुठे गोळा झालेले, कापडावर मेलेल्या माशीसारखी गाठ. गिऱ्हाइकांनी तक्रार केली नव्हती, कारण दुर्बिणीचं काम म्हणजे दिसणारच नाही, अशी सगळ्यांची समजूत. दृष्टिआड सृष्टी, आणि दृष्टी कोणीच लावली नव्हती.

मालकाने इस्त्रीचा विषय पुन्हा काढला नव्हता; वकिलाचा कोट याने पुन्हा करून दिला होता आणि वकिलाला भोक सापडलं नव्हतं. स्टूल वाचलं होतं. शहाणा माणूस गप्प बसला असता. हा दारात उभा राहिला आणि लोकांना हाका मारायला लागला. अहो मास्तर, तो कोट काढा, वाईट केलाय मी. अहो बाई, ती शाल इकडे द्या. मालक कपाळाला हात लावून म्हणाला, काका, लोकांना कळलंही नव्हतं, हात दाखवून अवलक्षण कशाला?

"मला कळलंय," दुर्बीण म्हणाला.

नवं काम घेणार नाही, आधीचं उसवून संपवल्याशिवाय. असं म्हणाला आणि बसला. एका डोळ्याने सुईचं टोक आणि कापड यांतलं अंतर चटकन कळत नाही. बोटं टोचून घेत होता, दर टाक्याला थांबत होता. पूर्वी तासाचं काम, आता सकाळ जायची. डावा डोळा मेहुण्याने आणि त्याने मिळून पिकवून खाल्ला होता, त्याची किंमत प्रत्येक टाक्याला द्यावी लागत होती. मेहुणा एकदा येऊन म्हणाला, बघा, शेवटी झालं ना बरं. काकूंनी त्याला पाणीसुद्धा दिलं नाही. मला फार बरं वाटलं.

परवा मी एका मोर्च्याला चाललो होतो. अंगात माझं जुनं जाकीट, डाव्या कोपरावर दुर्बिणीचंच काम, दीड वर्षापूर्वीचं. ते दाखवून मी लोकांना सांगायचो की बघा, याला म्हणतात रफू. लॉन्ड्रीसमोर आलो तर खिडकीतून आवाज आला, सगळ्या फुटपाथला ऐकू जाईल असा.

"पुढारी, ते काढ. कोपरावर विंचू बसल्यासारखं दिसतंय."

मी म्हटलं, तुमचंच आहे, काका. म्हणाला, म्हणूनच काढ. मी म्हटलं, मोर्च्याला उशीर होतोय. तो उठून बाहेर आला, माझी बाही धरली आणि चारचौघांत माझ्या अंगातून जाकीट उतरवून घेतलं. ब्लेडने तिथेच, दारातल्या उन्हात, आपलं रफू उसवायला लागला. मी सदऱ्यावर उभा. लोक हसत होते. मोर्चा पुढे गेला.

आतून काकू त्याला रीळ द्यायला आल्या. त्याने त्यांच्याकडे न बघता हात हलवला आणि जाकिटाच्या आतली दुमड उलटी करून, चष्मा नाकावर सरकवून, पहिला धागा उपसायला घेतला.